चिठ्ठी आधी कोण वाचणार?

शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात ‘फिशपॉन्ड’ नावाचा कार्यक्रम असायचा; काही ठिकाणी अजून असतो. डिसेंबर-जानेवारीत एक पेटी ठेवायची, मुलामुलींनी एकमेकांवर निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाच्या चालण्यावर, कुणाच्या भांगावर, कुणाच्या पाठांतरावर, आणि मग त्या स्टेजवरून वाचल्या जायच्या. ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळायच्या आणि हशा पिकायचा. मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या या हशात वाढल्या. आज नववी-दहावीतल्या मुलांच्या ग्रुपवर जे चालतं ते याच परंपरेतलं आहे, असं मानणारे लोक मला छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात रोज भेटतात. हे भलतंच काहीतरी आहे, असं म्हणणारेही भेटतात. दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात म्हणून हा संवाद रचला आहे. बोलणाऱ्या दोघी कल्पित आहेत. त्या ज्या घटना आणि जे कायदे सांगतात ते खरे आहेत.

एक आहेत निवृत्त बाई. आयुष्यभर मराठी शिकवलं आणि संमेलनातली फिशपॉन्डची पेटी कायम त्यांच्याच ताब्यात असायची. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता वकील. बाल न्याय मंडळापुढे मुलांची प्रकरणं चालवते. पैठण गेटकडून टिळक पथाने येऊन, सुपारी हनुमानाचं दर्शन घेऊन दोघी बाईंच्या माडीवर बसल्या आहेत.

बाई : तुम्ही वकील मंडळी पोरांच्या चिडवाचिडवीत कशाला पडता गं? नववीतलं पोर दुसऱ्याला जाड्या म्हणालं, म्हणून केस करायची? तुमच्या वर्गात प्रत्येकाला टोपणनाव होतं. तुलाही होतं.

वकील : होतं ना बाई. पण ते कुणी ठेवलं हे मला माहीत होतं. मधल्या सुट्टीत मी तिची वेणी ओढली, तिने माझा डबा लपवला, आठवड्यात मिटलं. आता कसं होतं सांगू? तासाला डुलकी लागलेल्या मुलाचा कुणीतरी फोटो काढतं. त्याचा स्टिकर होतो. वर्गाच्या ग्रुपवर तो फिरतो आणि पहिले एक-दोन दिवस तो मुलगाही हसतो. मग त्याला वगळून दुसरा ग्रुप निघतो. तिथे त्याच्या आईचा डीपी येतो, वडिलांच्या दुकानाची पाटी येते. पुढे शाळेच्या नावाने इन्स्टाग्रामवर चालणारं एखादं ‘कन्फेशन’ पेज असतं. चालवतं कोण, कुणाला ठाऊक नाही. तिथे त्याच्या नावावर खोटंनाटं छापलं जातं. मग शिकवणीला येणारी, दुसऱ्या शाळेची मुलं त्याला त्या नावाने हाका मारतात. थट्टा कोणत्या दिवशी संपली आणि छळ कधी सुरू झाला, हे करणाऱ्या एकालाही सांगता येत नाही.

बाई : मग मी तरी काय म्हणायलेय? ज्या पोराला आपण काय केलं हेच उमगलं नाही, त्याला पोलिसांच्या दारात उभं करून काय मिळणार? मस्करीची कुस्करी पूर्वीही व्हायची. दोघांना समोरासमोर बसवायचं, करणाऱ्याला त्याच वर्गासमोर माफी मागायला लावायची. भागायचं.

वकील : तेव्हा भागायचं, कारण पेटी तुमच्याकडे असायची. चिठ्ठ्यांचं तुम्ही काय करायचात?

बाई : निम्म्याहून जास्त फाडून टाकायचे.

वकील : कुठल्या?

बाई : जातीवरच्या. रंगावरच्या. घरच्या परिस्थितीवरच्या. मुलामुलीची नावं जोडलेल्या. कुणी तोतरं बोलत असेल तर त्यावरच्या. चिठ्ठी वाचली की मी ते पोर डोळ्यांसमोर आणायचे. हे ऐकून त्याला हसू येईल का, एवढंच बघायचे. तरी कधी अंदाज चुकायचा. एखादी मुलगी खाली मान घालायची. मग पुढची चिठ्ठी मी मुद्दाम हेडसरांवरची काढायचे, म्हणजे सगळ्यांचे डोळे तिच्यावरून उठायचे.

इथे मला मध्ये बोललंच पाहिजे. बाईंनी सहज सांगितलेल्या या चार-पाच वाक्यांत फिशपॉन्डची सगळी यंत्रणा आली. चिठ्ठी निनावी होती, पण एका मोठ्या माणसाच्या हातातून जात होती. ज्याच्यावर विनोद, तो समोर बसलेला असायचा; त्याचा चेहरा पडला तर दोनशे जणांना दिसायचा. वाचलेली चिठ्ठी पुन्हा वाचली जात नसे. कार्यक्रमाला शेवट होता. दहावीच्या ग्रुपवर यातलं काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपने टाकलेला मेसेज सर्वांकडून पुसण्याची मुदत वाढवत अडीच दिवसांवर नेली आहे, पण स्क्रीनशॉट घ्यायला दोन सेकंदही लागत नाहीत. गुलमंडीच्या चौकात एखाद्या पोराने दुसऱ्याची टर उडवली तर शेजारच्या दुकानातून कुणीतरी ‘ए, कुणाचा रे तू?’ असं विचारतंच. फोनमधल्या चौकात दुकानं नाहीत.

वकील : बाई, मुंबईचं प्रकरण आठवतं? डिसेंबर २०१९ मध्ये पेपरात आलं होतं. नावाजलेली, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची शाळा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात वर्गातल्या मुलींच्या शरीरावर शेरे, आणि बलात्काराच्या, सामूहिक बलात्काराच्या गोष्टी, हसत हसत. मुलींच्या घरच्यांच्या नजरेला ते पडलं, तक्रार झाली, शाळेने आठ मुलांना निलंबित केलं. यातल्या कुणी प्रत्यक्षात एकाही मुलीला हात लावला नव्हता. तुमच्या हिशेबाने ही चिडवाचिडवीच ना?

बाई : नाही. ती चिठ्ठी मी फाडली असती आणि लिहिणाऱ्याच्या घरी गेले असते. पण एक विचारते. तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडात हे शब्द आले कुठून? घरातून, सिनेमातून, फोनमधून, मोठ्यांच्या शिव्यांतून. मोठ्यांनी शिव्या दिल्या तर ती बोली, आणि पोराने लिहिल्या तर तो गुन्हा?

वकील : शब्द कुठून आले याचा शोध घ्याच, माझी ना नाही. पण त्या मुलींना दुसऱ्या दिवशी त्याच मुलांशेजारी बसायचं होतं. आणि मुंबई सोडा, आपल्याकडे बघा. परभणी, बीड हे बालविवाहांत राज्यात वरच्या क्रमांकाचे जिल्हे. जालनाही मागे नाही. तिकडून शिकायला इथे आलेल्या मुलीचा चेहरा कुणी ‘गंमत म्हणून’ एआयच्या अ‍ॅपने दुसऱ्या देहावर चिकटवला, तर ती घरी सांगेल? सांगितलं तर पहिल्यांदा तिचाच फोन काढून घेतील. मग शिकवणी बंद. मग ‘स्थळं बघायला लागा’. मुलगा सॉरी म्हणून अकरावीला जाईल, मुलीची दहावीच अर्धवट राहील. एकाच विनोदाची किंमत दोघांना इतकी वेगळी पडते, म्हणून नुसत्या समोरासमोर बसवण्यावर माझा विश्वास नाही.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.

बाई : हे मला पटलं. पण मुलग्यांचंही बघ. मुलगी निदान मैत्रिणीजवळ रडते. मुलगा सांगतच नाही. त्याला सगळे म्हणतात, ‘रोस्ट झेपत नाही का? दिलावर घेतलंस?’ म्हणजे दुखलं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. तू म्हणतेस ती तक्रार हे पोर करणारच नाही. त्याच्या जेवणावरून, गप्प बसण्यावरून ओळखावं लागतं, आणि ते वकिलाला दिसत नाही. वर्गशिक्षकाला दिसतं.

वकील : दिसायला हवं.

बाई : आणि दुसरी गोष्ट. ही प्रकरणं बाहेर काढायचीसुद्धा एक रीत असते. २०२० च्या मे महिन्यात दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या, मुलींच्या फोटोंवर घाण शेरे मारणाऱ्या इन्स्टाग्राम ग्रुपवरून देशभर काहूर उठलं होतं. पोलिसांच्या सायबर पथकाने तपास केला, तो करायलाच हवा होता. पण त्याच दिवसांत गुरुग्रामच्या सतरा वर्षांच्या मुलावर इन्स्टाग्रामवर जाहीर आरोप झाला आणि त्या पोराने जीव दिला. आरोप खरा की खोटा, हे तपासायला कुणाला सवडच मिळाली नाही. ज्या गर्दीने थट्टा डोक्यावर घेतली, तीच गर्दी न्याय करायला बसली. म्हणून मी म्हणते, शाळेच्या भिंतीत ठेवा.

वकील : उलट म्हणूनच मी म्हणते, कायद्याकडे या. गर्दीने न्याय करू नये यासाठीच तो आहे. तुमच्या डोळ्यांसमोर पोलीस म्हणजे बेडी आणि लॉकअप. मुलांसाठी तसं नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो, अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. त्याचं प्रकरण मंडळापुढे येतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक बाई. गुन्हा ७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या किमान शिक्षेचा नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर सहसा एफआयआरही होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरची, शाळेची माहिती मंडळाकडे जाते. मंडळ समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा सांगतं, आईबापांकडून दंड भरून घेतं. मुलाचं नाव छापायला बंदी. पुढे नोकरीच्या आड हे येऊ नये, अशीही तरतूद आहे.

बाई : कागदावर.

वकील : कागदावर आहे म्हणून तर भांडता येतं. एरवी काय असतं? ज्याचा बाप मोठा, त्याचं मिटतं.

बाई : आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन? परवा एक आई रडत आली होती. तिच्या मुलाने नुसता ग्रुप काढला, घाण टाकली दुसऱ्याने.

वकील : नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाकडच्या प्रकरणात हेच सांगितलं. सगळ्यांचा मिळून कट होता असं दिसलं तर गोष्ट वेगळी. पण त्या आईला एवढंही सांगा की नग्न चित्राच्या बाबतीत सूट नाही. अठराच्या आतल्या कुणाचंही अश्लील चित्र बनवणं, पाठवणं, उतरवून घेणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमात येतं. मोठ्या माणसाला पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असं चित्र फोनमध्ये साठवण्याबद्दलही कडक निकाल दिला. ‘मी पाठवलं नाही, नुसतं आलं होतं’ म्हणणाऱ्याने ते ठेवलं का, हे विचारलं जाणार.

बाई : म्हणजे असलं काही माझ्या कानावर आलं आणि मी दोघांच्या आईबापांना बोलावून मिटवलं, तर?

वकील : तर तुम्हीच अडचणीत, बाई. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या पोक्सो कायद्याखाली येणारी गोष्ट कळूनही जो पोलिसांना कळवत नाही, त्याला ६ महिन्यांपर्यंतची कैद आहे. वर्गातल्या मुलांना नाही, मोठ्यांना. शाळेची अब्रू म्हणून झाकणाऱ्या मुख्याध्यापकालाही.

बाईंचा चेहरा उतरला. आयुष्यभर ‘शाळेतलं शाळेत’ म्हणत आलेल्या माणसाला हे ऐकणं सोपं नाही. मला इथे वकिलाची बाजू निर्विवाद वाटते: शरीर, नग्न चित्र, लैंगिक धमकी यांत मोठ्यांना मिटवामिटवीचा अधिकारच नाही. पण वर्गात रोज चालतं त्यातलं फारच थोडं या कलमांत बसतं. बाकीचं, म्हणजे डुलकीचा स्टिकर, वगळलेला ग्रुप, आईच्या डीपीवरची शेरेबाजी, हे कुठल्याच ठाण्यात जाणार नाही आणि जाऊही नये. तेवढ्यानेही एखाद्या मुलाचं वर्ष वाया जातं.

बाई : मग फोनच काढून घ्यावेत, असं माझ्या सुनेचं मत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सगळं गाव पाळतं म्हणे.

वकील : गावाने मिळून ठरवलं ही गोष्ट मला फार आवडते. पण साडेआठला ग्रुप उघडतोच. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे इन्स्टाग्रामची अट तेराची, आणि जन्मसाल खोटं टाकलेली पाचवीतली मुलं मी पाहते. आणि बंदी आली की जो सोसतोय तो मुलगा आणखी गप्प होतो. सांगायला गेला तर आधी ‘तुझ्याकडे हे अ‍ॅप कसं?’

बाई : इथे तुझं-माझं जुळलं. मी वेगळंच सांगणार होते. वर्गात चाळीस पोरं. टाकणारं एक, सोसणारं एक. उरलेली? ती हसरे चेहरे पाठवतात. त्यांतल्या निम्म्यांना आत कुठेतरी बरं वाटत नसतं, पण न हसलं तर पुढची पाळी आपली, ही भीती. माझ्या फिशपॉन्डमध्ये मी चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना कधी ओरडले नाही. मी हशा सांभाळला. नको तिथे हशा पिकलाच नाही तर दुसरी चिठ्ठी येत नाही.

वकील : फिनलंडमध्ये हेच करतात, बाई. तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा कार्यक्रम बनवला, २००९ पासून तो देशभरच्या शाळांत गेला. त्यांचा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला बळ प्रेक्षकांकडून मिळतं, म्हणून वर्गालाच शिकवायचं की कुणावर चाललं असेल तर त्याच्या बाजूला जाऊन बसा, त्याला वेगळा मेसेज करा. भांडायची गरज नाही.

बाई : बघ. यासाठी कलम लागलं का?

वकील : नाही लागलं. पण वेळ लागतो, आणि शाळेतला एक माणूस त्यासाठी मोकळा लागतो. तासिका ठरलेल्या, त्यात जनगणना, निवडणूक, पोषण आहार. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर सरकारने तक्रारपेटी आणि मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांची पुन्हा आठवण करून दिली. पेटी भिंतीवर लागते, बाई. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.

बाई : पेटीची किल्ली माझ्याकडे असायची. आणि मी रोज उघडायचे.

वकील : संमेलनाच्या आठवड्यात.

बाई : हो. संमेलनाच्या आठवड्यात. बरोबर आहे तुझं. वर्षभर उघडायला हवी होती.

वकील : आता माझं म्हणणं लिहून घ्या. पेटी उघडायचा वार ठरलेला. उघडताना दोघं, त्यांत एक शिक्षिका. आलेली प्रत्येक चिठ्ठी वहीत चढवायची, कुणाला मूर्खपणाची वाटली तरी. ज्याच्यावर बेतलं त्याच्याकडून स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचे, मगच पुसा म्हणायचं. नाहीतर सगळे ‘डिलीट कर, डिलीट कर’ म्हणतात आणि पुरावा जातो. पहिल्याच दिवशी त्या घरी सांगायचं की मुलांसाठीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे नंबर तुमचे आहेत, शाळेची परवानगी लागत नाही.

बाई : पहिल्या दिवशी पोलिसांचा नंबर देऊ नकोस गं. आई घाबरते आणि मुलीलाच घरी बसवते. आधी मी घरी जाईन, चहा घेईन, मुलीची शाळा थांबणार नाही असा शब्द बापाकडून घेईन. मग नंबर देईन.

वकील : आणि तुम्ही चहा घेईपर्यंत ते चित्र चार शाळांत गेलेलं असेल.

बाई : मग त्याच दिवशी सकाळी चहा घेईन. पण आधी घेईनच.

वकील : बरं. निलंबनाचं काय? मुंबईने आठ जणांना काढलं.

बाई : मला ते पटत नाही. निलंबन म्हणजे त्या पोराला फोनबरोबर दिवसभर एकटं बसवायचं. शाळेत ठेवावं, ग्रंथालयात बसवावं, शनिवारी माझ्यासमोर बसून लिहायला लावावं की कुणी कधी हसरा चेहरा पाठवला आणि तेव्हा आपल्याला काय वाटलं.

वकील : तोवर मुलीने त्याच वर्गात, त्याच्या मागच्या बाकावर बसायचं?

बाई : नाही. तुकडी त्याची बदलायची. शिकवणीची वेळही त्याच्याच बापाने बदलून घ्यायची. आजवर अशा प्रत्येक वेळी आम्ही मुलीलाच म्हणालो, ‘तू जरा पुढे येऊन बस.’

वकील : हे मुख्याध्यापक मान्य करतील? बाप देणगीदार असला तर?

बाई : सोमवारी तुझ्याबरोबर येते आणि विचारते. तू तुझी कलमं लिहून आण, मी मुलांशी काय बोलायचं ते आणते. दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवू.